कच्चं रेकॉर्डिंग

दौलत पेडणेकरने स्वतःचा कार्यक्रम आयुष्यात कधी ऐकला नव्हता. स्वतःचा आवाज ऐकत बसणारा माणूस बिघडतो, मग तो बोलत नाही, नटायला लागतो, असं त्याचं मत होतं. आणि दौलतचं एकदा मत झालं की ते बदलायला प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्याला बाहेर बाकावर बसून राहावं लागलं असतं. तेहतीस वर्षं तो फुटबॉलवर बोलत होता. आधी रेडिओवर, मग केबलच्या एका वाहिनीवर, आता ‘मैदानावरून’ नावाच्या पॉडकास्टवर. बोलून झालं की हात झटकून मोकळा. त्यामुळे करी रोडला शिवाच्या सलूनमध्ये, गळ्याभोवती पांढरं फडकं आणि अर्ध्या गालावर साबण अशा अवस्थेत त्याने ‘मैदानावरून’ पहिल्यांदा ऐकलं, ते नाइलाजाने. उठून जाणार कुठे?

शिवाने मोठ्या कौतुकाने मोबाइल आरशाखाली उभा केला होता. काका, तुमचाच लागलाय, असं म्हणून त्याने वस्तरा उचलला. गिरणगाव करंडकाचा उपांत्य सामना होता. दौलतचा आवाज धापा टाकत बॉलच्या मागे पळत होता. उजव्या बगलेवरून गौतम निघाला, एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, आणि शिवाचा वस्तरा हवेत थांबला, कारण गोल होणार होता. दौलत मात्र गोलाकडे लक्ष देतच नव्हता. त्याचे कान टवकारले होते ते ‘गौतम’ या एका शब्दावर.

वाक्य त्याचं होतं. श्वास त्याचा होता. पण ते नाव त्या वाक्यातलं नव्हतं. धावत्या वाक्याच्या मधोमध ते नाव निवांत मांडी घालून बसलेलं होतं, आणि वर किंचित बसक्या गळ्यातलं. तो गळा दौलतने लगेच ओळखला. गणपतीत दहा दिवस मंडळाच्या माइकवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारून त्याचा आवाज दरवर्षी असा बसायचा. सामना तर जानेवारीतला. जानेवारीच्या वाक्यात सप्टेंबरचं नाव आलं कुठून?

बाकीची दाढी होईपर्यंत त्याने अशी आणखी तीन नावं पकडली. शिवाने ब्लेडचा काप लागला का म्हणून विचारलं, इतका त्याचा चेहरा उतरला होता.

आता दौलतच्या मनात पाल चुकचुकली, तर तिला तसं कारणही होतं. एकदा पोळलेला माणूस नव्हता तो, दोनदा पोळलेला होता. रेडिओवर तो शनिवारी सामन्याचं धावतं वर्णन करायचा, तेव्हा लालबागच्या चाळीत गॅलरीत खुर्च्या टाकून लोक ऐकायचे. गिरणीतून आलेला त्याचा बाप डबासुद्धा न ठेवता उभ्या उभ्या ऐकायचा. एका शनिवारी तो वेळेवर पोचला तर त्याच्या जागी दुसरा बसलेला, आणि त्याला कोणी कळवण्याची तसदीही घेतली नव्हती. केबलच्या वाहिनीवर तर त्याने ज्याला बोलायला शिकवलं, त्याच पोराने त्याची खुर्ची पटकावली. तेव्हापासून कोणी त्याला चहा दिला तरी तो आधी हा चहा का देतोय याचा विचार करायचा. आणि आता एकोणीस वर्षांनी पुन्हा रेडिओची संधी चालून आली होती. एका खासगी एफएमने गिरणगाव करंडकाचा अंतिम सामना कूपरेज मैदानावरून थेट प्रसारित करायचं ठरवलं होतं, मराठीतून, आणि वर्णनाला दौलत पेडणेकर. शनिवारी, दुपारी चार वाजता. थेट म्हणजे थेट, मध्ये कात्री नाही. या शनिवारासाठी त्याने अंगारे-धुपारे केले असते, कोणी सांगितलं असतं तर.

‘मैदानावरून’ची सगळी तांत्रिक बाजू मेघना सांभाळायची. मेघना पाठारे, ठाकूरद्वारची, बत्तीस वर्षांची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. चार वर्षांपूर्वी तिनेच दौलतला शोधून काढलं होतं. खोताची वाडीत एका लाकडी घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली होती, भिंतींना गाद्या ठोकून तिचा स्टुडिओ केला होता. मैदानावर ती त्याच्या शेजारी रेकॉर्डर घेऊन बसायची आणि वहीत वेळा टिपायची. नंतर त्या खोलीत बसून काटछाट करायची. या काटछाटीत काय काटलं आणि काय छाटलं हे दौलतने चार वर्षांत विचारलं नव्हतं. स्वतःचा आवाज न ऐकण्याचं व्रत असलं की असं होतं.

सलूनमधून उठल्यावर त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि संशयी माणसाची स्मरणशक्ती फार चांगली असते. गेली दोन वर्षं मोसमाच्या सुरुवातीला, गणपती उठले की मेघना त्याच्यासमोर सगळ्या संघांच्या याद्या ठेवायची आणि प्रत्येक खेळाडूचं नाव तीन-तीनदा म्हणायला लावायची. सरळ, प्रश्नार्थक आणि ओरडून. आवाजाची पातळी तपासायची असते, असं सांगायची. यंदा तर अक्षरं बारीक आहेत म्हणून ती स्वतः एकेक नाव वाचून दाखवत होती आणि तो तिच्यामागून म्हणत होता. दीडशे पोरांची नावं पातळी तपासायला? तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आता वाटलं.

सोमवारी तो न सांगता खोताची वाडीत जाऊन थडकला. मेघना फोनवर बोलत होती. त्याला बघताच मान हलवून बाहेर ओट्यावर गेली. हीच मुलगी एरवी बँकेचे, दवाखान्याचे, आईचे फोन त्याच्यासमोर घ्यायची. दौलत खिडकीला टेकला. ती बोलत होती ती एफएमच्या निमेशशी, हे नावावरून कळलं. मग एक वाक्य स्पष्ट आलं.

“नाही, त्यांना एकट्याला लाइव्ह बसवू नका. मी सांगतेय ना.”

दौलत खिडकीपासून मागे फिरला. टेबलावर कॉम्प्युटर चालूच होता. पडद्याला नाक लागेल इतकं वाकून त्याने बघितलं. एका फोल्डरवर मोठ्या ठळक अक्षरांत ‘दौलत – नावं’ असं लिहिलेलं होतं. उघडलं तर आत मुंग्यांसारख्या फाइली. एकीवर टिचकी मारली. त्याचाच आवाज म्हणाला, ‘गौतम’. दुसरीवर मारली. ‘गौतम?’ तिसरी ओरडली.

झालं. आता काही शंका उरली नाही, असं त्याला वाटलं. हल्ली फोनवर मेलेल्या गायकांचे आवाज गातात, बायका नसलेल्या बायका कर्ज घेता का म्हणून विचारतात. ही पोरगी त्याचा आवाज तुकड्यातुकड्याने जमवून ठेवत होती. एक दिवस त्याच्याशिवायचा दौलत तयार होणार होता, आणि त्याआधी शनिवारची खुर्ची तिच्या ताब्यात जाणार होती. तिसऱ्यांदा. मेघना आत आली तेव्हा तो गाद्यांच्या भिंतीकडे बघत बसला होता. तिने चहा मागवू का विचारलं. तो नको म्हणाला.

मंगळवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो निमेशच्या ऑफिसात गेला आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून आला. अर्थात मारताना त्याला तो धोंडा मेघनाच्या पायावर पडतोय असंच वाटत होतं. निमेश तिशीतला, कामसू, सरळ मुलगा. दौलतने त्याला सांगितलं की मेघना त्याच्या आवाजाची बनावट करते, तिने नमुना म्हणून पाठवलेल्या सामन्यांवर विश्वास ठेवू नका, कच्चं रेकॉर्डिंग मागवा म्हणजे दूध का दूध होईल. निमेशने हे लेखी द्याल का म्हणून विचारलं. दौलतने मजकूर सांगितला, निमेशने टाइप केला आणि दौलतने सही केली. सही कुठे करायची ते निमेशला बोट ठेवून दाखवावं लागलं, पण दौलत इतक्या तावात होता की ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

बुधवारी मेघनाला आणि त्याला एकच मेल आला, तो त्याच्या बायकोने, सुभद्राने वाचून दाखवला. तक्रार आल्यामुळे मेघना पाठारे यांचं नाव शनिवारच्या चमूतून काढण्यात येत आहे. उपांत्य सामन्याचं न कापलेलं, कच्चं रेकॉर्डिंग गुरुवारी पाच वाजेपर्यंत पाठवावं, ते ऐकून अंतिम निर्णय घेऊ. सुभद्राने मेल वाचला आणि विचारलं, तक्रार कोणी केली? दौलत उठून पाणी प्यायला गेला. चौतीस वर्षांच्या संसारात ते उत्तरासारखंच होतं.

गुरुवारी तीन वाजता मेघनाने बोलावलं म्हणून तो गेला. मनात त्याने सगळं जुळवलं होतं. ती रडेल, हातापाया पडेल, मग आपण जरा मोठेपणा दाखवू. मेघना रडत नव्हती. ती खुर्चीत ताठ बसली होती आणि समोर तिची वही होती.

“तू माझा आवाज चोरतेस,” दौलत म्हणाला.

तिने हेडफोन त्याच्यापुढे धरला. उपांत्य सामना, कच्चा, पहिल्या शिट्टीपासून. ऐका म्हणाली. त्याने व्रत मोडलं आणि ऐकलं. सुरुवातीला त्याला स्वतःचं कौतुकच वाटलं, काय बोलतो हा माणूस. मग उजव्या बगलेवरून तो पोरगा निघाला, आणि दौलतचा आवाज आनंदाने फुटला: ‘भिवा निघाला, भिवाने एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, अरे भिवाला कोण अडवणार!’

दौलतने हेडफोन काढला. हेही तूच बनवलंयस, असं तो म्हणाला. मेघनाने खांदे उडवले आणि पुन्हा ऐका म्हणाली. त्याने पुन्हा ऐकलं, मग तिसऱ्यांदा. जोड शोधत होता तो. पण ‘भिवा’ त्या श्वासातूनच निघत होता, त्याच धापेत, त्याच जानेवारीच्या गळ्यातून. सलूनमध्ये ज्या कानाने मेघनाला चोर ठरवलं होतं, त्याच कानाला आता खोटं बोलता येईना.

दौलतची एक पद्धत होती आणि तिचा त्याला गर्व होता. तो पाठीवरचे नंबर बघत नसे, खेळाडूची चाल बघे. नंबर काय, जर्सी बदलली की बदलतो. माणसाची धाव मरेपर्यंत तीच. गेली दोन वर्षं मैदानावरचे आकडे त्याला ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे दिसत होते. परळच्या डॉक्टरने डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी सांगितलं होतं, मधला भाग सुकत चाललाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं. पण नंबर आपल्याला लागतातच कुठे, असं म्हणून त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि धाव ओळखायची तर डोक्यात ज्या धावा साठलेल्या, त्याच ओळखल्या जाणार. त्या होत्या तीस वर्षांपूर्वीच्या.

“चौदा नावं चुकलीत या एका सामन्यात,” मेघना वहीवर बोट ठेवून म्हणाली. “तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते चौदाही जण कधीच रिटायर झालेत, काका. भिवा कोण ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी नायगावला जाऊन विचारलं.”

भिवा जाधव. नायगावच्या बीडीडी चाळीतला, गिरण्यांच्या स्पर्धांतला, डाव्या खांद्यातून किंचित कलून धावणारा. कोविडात गेला, हे दौलतला ठाऊक होतं. त्याचा मुलगा खेळतो हे ठाऊक नव्हतं. गौतम जाधव म्हणजे भिवाचा मुलगा, बापासारखाच डाव्या खांद्यातून कलणारा. मुंबईत जाधव काय कमी आहेत? त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

मेघनाने सांगितलं, भिवाची बायको रमाबाई दर रविवारी ‘मैदानावरून’ लावून बसते, मुलाचा खेळ ऐकायला. दोन मोसमांपूर्वी दौलतच्या तोंडून पहिल्यांदा भिवाचं नाव गेलं, तेव्हा मेघना त्याला मैदानावरच हळूच म्हणाली होती, काका, तो गौतम. त्यावर दौलत तिच्यावर असा खेकसला होता की मागच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्यानंतर तिने बोलणं सोडलं आणि जोडणं सुरू केलं. नावं भरून घेतली ती त्यासाठी.

“त्या बाईने तुमच्या तोंडून मेलेल्या नवऱ्याचं नाव ऐकायचं का, सांगा,” ती म्हणाली. “आणि लोकांनी तुम्हाला हसायचं?”

दौलतने निमेशबरोबरच्या फोनचं विचारलं. विचारताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मशीनमध्ये पातळी दिसली नसती. मेघना म्हणाली, हो, एकट्याला बसवू नका असंच सांगत होते. लाइव्हला दोघं बसतात, तशी पद्धतच आहे, मला शेजारी बसवा, असं सांगून तिने निमेशला पटवलं होतं. डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती शेजारी बसून त्याच्या कानात नंबर आणि नावं सांगणार होती, तो बोलणार होता. नव्वद मिनिटांचीच तर गोष्ट होती. निमेश हो म्हणाला सोमवारी. मंगळवारी दौलतची सही पोचली.

दौलतला लाज वाटत होती, साधी, उघडी लाज, शाळेत चड्डी ओली झाल्यावर वाटते तशी. तरीही, खरं सांगायचं तर, त्याच लाजेच्या कडेला बसून त्याचं मन शनिवारचा हिशेब करत होतंच. मेघनाला ते दिसलं असावं. तिने पडद्यावर दोन फाइली एकाखाली एक मांडल्या. एक कच्ची. दुसरीत चौदाही नावं दुरुस्त, आणि या वेळी तिने इतकी सफाई केली होती की शिवाच्या सलूनमध्ये काय, कुठेच कोणाला जोड कळणार नाही.

“ही दुरुस्त केलेली पाठवली तर शनिवारी तुम्ही बसाल. एकटे. तुमची तक्रार तशीच राहील, मी खोटारडी ती खोटारडीच,” ती म्हणाली. “कच्ची पाठवली तर मी नावं का जोडली ते त्यांना कळेल, पण तुम्ही बसणार नाही. मी काही पाठवणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

दौलतने आधी पळवाट शोधली. निमेशला फोन लावला आणि गैरसमज झाला होता, मेघना चोख आहे, तिला परत घ्या, असं आडवळणाने सांगितलं. निमेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, सर, परवा तुम्ही लिहून दिलंत ती बनावट करते, आज म्हणता नाही करत; मी कुठलं धरू? मला फाइल ऐकू दे. दौलतच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती, आणि ती त्याने स्वतःच घालवली होती.

साडेचार वाजले. दौलत खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर दोन राखाडी पट्टे दिसत होते, त्यावरची अक्षरं कडेकडेने शाबूत आणि मध्ये विरघळलेली. वाकून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. कुठली कच्ची आणि कुठली दुरुस्त, त्याला वाचता येईना.

“कच्ची कुठली ते दाखव,” तो म्हणाला.

मेघना उठून आली आणि तिने एका पट्ट्यावर बोट ठेवलं. ती वाटेल त्यावर बोट ठेवू शकली असती. गेल्या तेहतीस वर्षांतल्या दौलतने ती फाइल आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतली असती. दौलतने ऐकली नाही. तिचं बोट होतं तिथे दाबलं, आणि मग पाठवण्याचं बटण तिलाच विचारून तेही दाबलं.

सहाच्या सुमारास निमेशचा फोन आला, तो मेघनाला. तिने समोरच घेतला. शनिवारी वर्णन मेघना करणार होती. निमेशने तिची माफी मागितली, आणि पेडणेकर सरांना मध्यंतरात दोन मिनिटं जुन्या आठवणी सांगायला आवडेल का, असं विचारलं. मेघनाने दौलतकडे बघितलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर तो तिला चार गोष्टी सांगायला गेला, सुरुवातीला घाई करू नकोस, श्वास कुठे घ्यायचा, असं काहीबाही. तिने ऐकून घेतलं. मग दौलतने पुढच्या रविवारच्या भागाचं विचारलं, आणि ती म्हणाली की तिला अजून माहीत नाही. चार वर्षं तुम्हाला सांभाळलं आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत, सरळ चोर म्हणालात, ते इतक्यात जाणार नाही, असं ती म्हणाली. दौलतने चपला पायांनी चाचपडून शोधल्या आणि निघाला.

घरी आल्यावर त्याने सुभद्राला सगळं सांगितलं. सलून, फोल्डर, सही, भिवा, बोट. शेवटी डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्याची अपेक्षा होती की ती घाबरेल. सुभद्रा तांदूळ निवडत होती. तिने हातसुद्धा थांबवला नाही.

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “वरीस झाला. पेपर हातात घेऊन बसतास नि पान परतणास नाय.”

दौलतने विचारलं, मग बोलली का नाहीस?

सुभद्राने सूप खाली ठेवलं. रागावली नव्हती ती, तेच त्याला जास्त लागलं.

“काय बोलतलंय? तुमी म्हणाले असतास, मेघनान शिकवल्यान,” ती म्हणाली. “तुमका कायव सांगूचा म्हणजे आधी आपण चोर नाय ह्यां सिद्ध करूचा लागता. मगे माणूस गप रवता.”

दौलत तिच्या आवाजाकडे तोंड करून बसून राहिला. तिचा चेहरा त्याला कडेकडेने दिसत होता, मधला दिसत नव्हता. त्याने तिला विचारलं, उद्या डॉक्टरकडे बरोबर येशील का. सुभद्रा येईन म्हणाली.